हिरवं ते सगळं तांबं नव्हे : कच्च्या दगडांची खरेदी-विक्री

(रेडिओवरच्या गप्पांचं लेखी रूप)



आम्ही भायखळ्याच्या आठ जणी. एकाच चाळीतल्या, एकाच बचत गटातल्या. मागच्या वेळी आम्ही दगडांच्या धंद्याबद्दल दोन मिनिटं बोललो, तर नाशिककडच्या एका गटाचा निरोप आला : ‘आमच्याकडे विहीर खणताना हिरव्या रंगाचे दगड निघालेत. भावकीतले म्हणतात तांब्याचे आहेत. मुंबईत किलोला काय भाव मिळेल?’ निरोप दोन ओळींचा, पण उत्तर दोन ओळींत बसेना. म्हणून आज सविस्तर सांगतो.

आधी आमचा धंदा काय ते सांगू. मुंबईत आणि बाहेरगावी असे हौशी लोक आहेत जे कच्चा दगड विकत घेतात, घरच्या लहान यंत्रावर कापतात, घासतात, चकाकी आणतात आणि त्याची लोलकं, कानातली, पेपरवेट करतात. कुणी निवृत्त फिटर, कुणी कॉलेजची मुलगी, कुणी चांदीची तार वळून दागिने करणारी बाई. त्यांना घडवलेला खडा नको असतो. त्यांना हवा असतो ‘रफ’, म्हणजे खाणीतून निघाला तसा ओबडधोबड दगड. आम्ही तो ठोकमध्ये आणतो, निवडतो, पाव किलो-अर्धा किलोच्या पिशव्या भरतो आणि विकतो. सगळ्यात जास्त मागणी हिरव्या-निळ्या दगडांना, आणि त्यातले बरेचसे तांब्याचे असतात. आमचं सगळ्यात मोठं नुकसानही त्यातच झालं. ते पुढे सांगतोच.

तांब्याचा दगड म्हणजे काय, हे समजायला लांब जायला नको. घरातली तांब्याची कळशी चार महिने ओल्या कोपऱ्यात पडून राहिली की तिच्यावर हिरवा थर चढतो. तांबं, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळून तो तयार होतो. जमिनीखाली तांब्याच्या खनिजाच्या वरच्या भागात पावसाचं पाणी झिरपत राहिलं की हजारो वर्षांत असाच हिरवा पदार्थ थरावर थर चढत दगड बनतो. त्याचं नाव मॅलकाइट. कापला की आत फिकट-गडद हिरव्या वळ्या दिसतात, झाडाच्या खोडात दिसतात तशा. रत्नांच्या बाजारात त्याला ‘दाना फिरंग’ असंही म्हणतात. शंभर ग्रॅम शुद्ध मॅलकाइटमध्ये सुमारे ५७ ग्रॅम तांबं असतं.

त्याचा सख्खा भाऊ अॅझुराइट, गडद निळा. हे दोघं बऱ्याचदा एकाच दगडात मिळतात, कारण काळ जाईल तसा निळा अॅझुराइट हिरव्या मॅलकाइटमध्ये बदलत जातो. आकाशी-हिरवट, थोडा ठिसूळ तो क्रिसोकोला. पिरोजा तुम्हाला माहीतच आहे, त्याचा निळा रंगही तांब्यामुळेच. आणि पितळेसारखा चमकणारा, वजनदार दगड म्हणजे कॅल्कोपायराइट. तांबं काढण्यासाठी खाणीतून जो माल काढतात, त्यात मुख्य हाच. त्यात तांबं साधारण ३४ टक्के, बाकीचं लोह आणि गंधक.

हे दगड येतात कुठून? आपल्या राज्यात चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना भागात तांब्याचं खनिज आहे. गोंदियाच्या पलीकडे मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडची मोठी खाण आहे. राजस्थानात खेत्री, झारखंडात सिंहभूम. मलाजखंड आणि खेत्री दोन्ही हिंदुस्तान कॉपर या सरकारी कंपनीकडे आहेत. ही कंपनी १९६७ साली स्थापन झाली आणि तिचा तांब्याच्या सळईचा कारखाना आपल्याच रायगड जिल्ह्यात तळोज्याला आहे. पण या खाणी तांबं काढण्यासाठी चालतात, हौशी लोकांना दगड पुरवण्यासाठी नव्हे. घडवण्याजोगा चांगला, भरीव, वळ्यावळ्यांचा मॅलकाइट मुख्यतः आफ्रिकेतल्या कांगोतून येतो. जयपूरच्या व्यापाऱ्यांकडे तो पोत्यांनी उतरतो आणि आमच्यासारख्या किरकोळ लोकांपर्यंत तिथून पोहोचतो. तेव्हा कुणी तुम्हाला ‘आमच्या सह्याद्रीतला मॅलकाइट’ म्हणून पोतं विकायला लागला, तर तिथेच थांबा.

आता नाशिकच्या गटाच्या हिरव्या दगडांकडे येतो.

आपला नाशिक, पुणे, जळगाव, संभाजीनगरचा मुलूख काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे खनिजं भरली. गारगोटी त्यातलीच. त्या पोकळीला आतून हिरवं अस्तर दिसतं ते बहुतेक वेळा सेलॅडोनाइट नावाच्या मातकट खनिजाचं. त्याचा हिरवा रंग लोखंडामुळे येतो, तांब्यामुळे नाही. जळगावकडे किंवा पुण्याच्या आसपास हिरवट काचेसारखे चौकोनी स्फटिक सापडतात, ते अॅपोफिलाइट. त्याचा हिरवा रंग व्हॅनेडियम नावाच्या धातूचा. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीत गडद निळे फुलांसारखे झुपके मिळतात, त्याचं नाव कॅव्हनसाइट. जगभरचे संग्राहक त्यासाठी वाघोलीचं नाव घेतात. पाहणारा शपथेवर सांगेल की हे तांब्याचं. तेही व्हॅनेडियमचंच.

म्हणजे नाशिकच्या बायांनो, तुमचा दगड तांब्याचा नसण्याची शक्यता फार मोठी. पण निराश होऊ नका, कारण तो तांब्याचा नसला म्हणून कमी किमतीचा असेलच असं नाही. आपल्याकडच्या या खनिजांची ख्याती जुनी आहे. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली ती आमच्या भायखळ्यावरूनच, आणि पुढे तोच लोहमार्ग बोरघाटातून नेताना डोंगर फोडले तेव्हा असे स्फटिक निघाले. त्यातले काही थेट इंग्लंडच्या संग्रहालयांत गेले. डोंगर फोडणाऱ्या मजूर बायांना त्यातलं काय मिळालं, ते कुठे लिहिलेलं नाही. आज सिन्नरला गारगोटी नावाचं खनिज संग्रहालय आहे. शिर्डीला जाताना गटाची सहल तिथे उतरवा. आपल्या बांधावरचे दगड काचेच्या कपाटात दिव्याखाली पाहिले की डोळे बदलतात.

इथे एक फरक नीट समजून घ्या, कारण पैसा त्यावर ठरतो. गिऱ्हाईक दोन जातीचं. एक, दगड कापणारं. त्याला भरीव, भेगा नसलेला माल हवा, आणि तो तो वजनावर घेतो. दुसरं, संग्रह करणारं. त्याला दगड जसा निघाला तसा हवा, टोकं न तुटलेली, स्फटिक शाबूत, आणि तो नगावर घेतो. तुमच्या विहिरीतले स्फटिक हे दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी. ते किलोवर विकणं म्हणजे पैठणी वजनावर विकण्यासारखं आहे. आम्ही स्वतः असा मूर्खपणा पाहिलाय : एका बाईनं सुंदर स्फटिकाचा गोळा ‘नीट दिसावा’ म्हणून तारेच्या घासणीनं घासून, खाली वाकडा होता तो भाग हातोडीनं सपाट करून आणला. आणला तेव्हा त्याला फक्त वजन उरलं होतं. धुवू नका, घासू नका, फोडू नका. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळा आणि चिठ्ठी ठेवा : गाव, तालुका, विहीर की खाण, किती खोल, कधी सापडला. संग्राहक त्या चिठ्ठीचेही पैसे देतो. गावाचं नाव हरवलेला दगड अर्ध्या किमतीलाही जात नाही.

आता आमच्या नुकसानीची गोष्ट.

धंदा सुरू करून वर्षही झालं नव्हतं. परराज्यातला एक विक्रेता आला, पोतं उघडून दाखवलं. वर सुंदर हिरवे दगड, पाण्यानं ओले, एकदोन कापून चकाकी आणलेले. बारा किलो, किलोला १,२०० रुपये. आम्ही गटातून अंतर्गत कर्ज काढलं आणि रोख १४,४०० रुपये मोजले. बिल मागितलं तर म्हणाला, ‘ताई, विश्वासाचा व्यवहार आहे.’ आम्हाला लाज वाटली पुन्हा विचारायची. पोतं घरी आणून उलटं केलं, तर वरचा दीड-दोन किलो माल खरा, खाली सगळी हिरव्या रंगात बुडवून काढलेली संगमरवराची खडी.

ते आठ जणींनी महिना शंभर-शंभर रुपये भरून फेडलं. अठरा महिने लागले. त्या अठरा महिन्यांत एकीच्या मुलीचा क्लास थांबला आणि एकीला घरात ऐकून घ्यावं लागलं की ‘दगडात पैसे घालणाऱ्या बायका’. म्हणून खालचं जे सांगतो आहोत ते पुस्तकातलं नाही, पैसे मोजून शिकलेलं आहे.

पहिली गोष्ट, ओला दगड पाहून भाव ठरवायचा नाही. पाणी किंवा तेल लावलं की कुठलाही दगड गडद आणि चकाकता दिसतो, भेगाही लपतात. कोरड्या फडक्यानं पुसायचा, वाळू द्यायचा, मग उन्हात बघायचा. आणि पोतं नेहमी आपल्या हातानं तळापर्यंत उपसायचं. कांदा घेताना आपण वरचा थर बघून पोतं उचलतो का? भायखळ्याच्या भाजीबाजारात आम्ही बटाटासुद्धा उपसून घेतो, आणि दगडांच्या वेळी मात्र लाजलो.

दुसरी, रंगाची परीक्षा. नखांचं पॉलिश काढायचं द्रावण कापसावर घ्या आणि दगडाच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला चोळा. कापूस हिरवा-निळा झाला तर रंग दिलेला आहे. ही परीक्षा आम्ही पोतं घेतल्यानंतर केली. घेण्याआधी केली असती तर दोन मिनिटं लागली असती.

तिसरी परीक्षा आमची सगळ्यात लाडकी, कारण ती स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर होते. खरा मॅलकाइट हाताला जड लागतो, पण ‘जड लागतो’ यावर व्यवहार होत नाही. मोजायचं कसं ते ऐका. आधी कोरडा दगड काट्यावर वजन करा. समजा १९० ग्रॅम भरला. मग एका प्लॅस्टिकच्या डब्यात अर्धं पाणी घेऊन डबा काट्यावर ठेवा आणि बटण दाबून काटा शून्यावर आणा. दगडाला दोरा बांधून तो पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, दोरा हातात धरून ठेवा. आता काटा जो आकडा दाखवेल तो लिहा. समजा ५० दाखवला. १९० ला ५० नं भागा, आलं ३.८. म्हणजे तो दगड तेवढ्याच आकाराच्या पाण्यापेक्षा ३.८ पट जड. मॅलकाइट आणि अॅझुराइट ३.६ ते ४ च्या दरम्यान भरतात. आमच्या संगमरवराच्या खडीचा १९० ग्रॅमचा तुकडा घेतला तर काटा ७० दाखवतो, भागाकार २.७ येतो. काच साधारण २.५. प्लॅस्टिकचा नकली खडा एक आणि दीडच्या मध्ये. पाचवीपर्यंत शिकलेली आमची एक मैत्रीण आता हा भागाकार मोबाइलवर करून व्यापाऱ्याला आकडा सांगते, आणि व्यापारी दोन पावलं मागे सरकतो.

ही परीक्षा सगळीकडे चालत नाही हेही सांगायला हवं. दगडात बाजूचा पांढरा खडक मिसळलेला असेल तर आकडा खाली येतो, तरी दगड खरा असतो. पिरोजा स्वतःच २.६ ते २.८ भरतो, म्हणजे तो आणि संगमरवर काट्यावर वेगळे ओळखू येत नाहीत. क्रिसोकोला तर त्याहून हलका. आणि पाच-दहा ग्रॅमच्या तुकड्याला साधा काटा पुरत नाही, दशांश दाखवणारा लागतो.

वळ्यांकडेही बघा. खऱ्या मॅलकाइटच्या वळ्या कधी रुंद कधी अरुंद, कधी गोल फिरतात, मध्येच तुटतात. नकली खड्यात त्या छापील साडीच्या काठासारख्या एकसारख्या असतात आणि मधल्या रेघा बऱ्याचदा अगदी काळ्या असतात. दगडाचा चुरा आणि डिंकासारखं रेझिन एकत्र दाबून केलेले ठोकळेही येतात. ते विकणं गुन्हा नाही, पण तसं सांगून विकावं. पिरोजा आणि क्रिसोकोला मऊ असल्यानं बऱ्याचदा रेझिन पाजून घट्ट केलेले असतात. आम्ही तसं पिशवीवर लिहितो. लिहिल्यामुळे काही गिऱ्हाइकं गेली, खरं आहे. राहिली ती मात्र परत परत येतात.

मोरपंखी रंगाचा ‘पीकॉक’ दगड हा एक वेगळाच प्रकार. जांभळा, निळा, गुलाबी, लहान मुलांना फार आवडतो. बोर्नाइट नावाचं तांब्याचं खनिज खरोखर असं मोरपंखी होतं. पण बाजारात त्या नावानं जे मिळतं ते बहुतेक कॅल्कोपायराइट आम्लात बुडवून रंग आणलेलं असतं. टोकानं ओरखडा काढा. आत पितळी पिवळं निघालं तर कॅल्कोपायराइट, तांबूस तपकिरी निघालं तर बोर्नाइट. दोन्ही विकायला हरकत नाही, नाव खरं सांगा.

आणि आता मोरचूद. द्राक्षबागेवर बोर्डो मिश्रण मारणाऱ्या घरात हे वेगळं सांगायला नको : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. हेच मोरचूद गरम पाण्यात विरघळवून सावकाश थंड होऊ दिलं की त्याचे मोठे, लखलखीत निळे स्फटिक तयार होतात. काही जण ते दगडाच्या तुकड्यावर वाढवतात आणि ‘खाणीतला नैसर्गिक निळा स्फटिक’ म्हणून विकतात. ओळखायला सोपं आहे, एक कण पाण्यात टाका. विरघळून पाणी निळं झालं की समजा. जिभेला मात्र लावून बघू नका. मोरचूद विषारी आहे, पोटात गेलं तर उलट्या, पोटात आग, जास्त गेलं तर जिवावर बेततं. आमच्याकडे एक जण असे स्फटिक मुलांच्या खेळण्यांबरोबर विकायला ठेवा म्हणून आला होता. त्याला आम्ही चहासुद्धा विचारला नाही.

विषाचा विषय निघालाच आहे तर दगड कापण्याबद्दल बोलू. तांब्याच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, आणि असं कळकलेलं प्यायलं की ओकारी होते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. म्हणून तर कल्हई. पण तोच हिरवा पदार्थ दगडाच्या रूपात आला की आपण विसरतो. आमच्यातल्या एकीनं सुरुवातीला गॅलरीत बसून मॅलकाइट कोरडाच घासला, हातातल्या ग्राइंडरनं. दोरीवरचे कपडे हिरवट झाले, तिच्या तोंडाला दोन दिवस धातूची चव, घसा धरला आणि खोकला महिनाभर गेला नाही. डॉक्टरांनी कामाबद्दल विचारलं तेव्हा कुठे आमची ट्यूब पेटली.

तेव्हापासूनचा नियम : घासायचं ते पाण्याखाली, चाकावर सतत पाणी पडत राहिलं पाहिजे. तोंडाला एन-९५ मास्क, पदर नव्हे. पदरातून बारीक धूळ सरळ आत जाते. स्वयंपाकाच्या ओट्यावर हे काम नाही, लहान मूल जवळ नाही, काम संपल्यावर हात कोपरापर्यंत धुवायचे. जे हिरवं पाणी जमतं ते बादलीत रात्रभर ठेवायचं, गाळ खाली बसला की वरचं पाणी वेगळं काढायचं, गाळ वाळवून पिशवीत बांधायचा. तुळशीत, शेतात, नाल्यात ओतायचा नाही. आणि गारगोटी, अकीक घासणाऱ्यांना तर आणखी मोठा धोका. त्या धुळीत सिलिका असते, ती फुफ्फुसात बसली की निघत नाही. गुजरातेत खंबातला अकीक घासणाऱ्या कितीतरी कामगारांना त्यामुळे सिलिकोसिस झाला. तो रोग औषधानं बरा होत नाही. तुमच्या गावात कुणी ‘घरबसल्या दगड घासायचं काम’ देऊ केलं, तर आधी विचारा : पाणी पडणारं यंत्र देणार का? नाही म्हणाला तर काम नको. आमचं हे मत ठाम आहे, आणि त्यात मजुरी किती हा प्रश्नच येत नाही.

एकदा एक बाई दुपारच्या उन्हात जिना चढून आली. नवऱ्याला मुतखडा, आणि कुणीतरी सांगितलं होतं की दाना फिरंग कमरेला बांधला, रात्रभर पाण्यात ठेवून ते पाणी प्यायलं की खडा विरघळतो. हातात पाचशेची नोट घट्ट धरलेली. खरं सांगतो, त्या महिन्यात आमची विक्री शून्य होती. आम्ही तिला दगड दिला नाही. तिला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की या दगडाचं पाणी म्हणजे कळकलेलं पाणी, ते आजारी माणसाला देऊ नकोस. जे. जे. रुग्णालय इथून हाकेच्या अंतरावर आहे. आमच्यातली एक तिच्याबरोबर केसपेपर काढायला गेली. ‘ज्याचं त्याचं नशीब, आपण विकायचं’ असं म्हणणारे व्यापारी आहेत. आम्ही ते करत नाही, एवढंच. माशांच्या काचेच्या टाकीत ठेवायला दगड मागायला येतात त्यांनाही तांब्याचा देत नाही. पाण्यात उतरलेलं तांबं माशांना सोसत नाही.

हिशेबाचं थोडक्यात. नवीन गटाला वाटतं, किलो आणला आणि किलो विकला. तसं नाही. समजा एक किलो मॅलकाइट १,८०० रुपयांना आणला. त्यात बाजूचा खडक, भेगाळलेले तुकडे, चुरा काढला की विकण्याजोगा आमच्या हाती साधारण ७०० ग्रॅम राहतो. म्हणजे खरी खरेदी किलोला २,५०० च्या वर गेली. प्रवास, पिशव्या, टपालखर्च वेगळा. मॅलकाइट मऊ असल्यानं आपटला की तुटतो, म्हणून दोन तुकडे एकमेकांना लागणार नाहीत असे गुंडाळावे लागतात. तुटलेला माल गिऱ्हाईक परत करतं, आणि त्यात त्याचं चुकत नाही. घडवलेला खडा मात्र कॅरेटवर जातो, पाच कॅरेट म्हणजे एक ग्रॅम. भाव ऐकून डोळे फिरतात, पण एका खड्यामागे किती दगड वाया गेला ते त्यात धरलेलं असतं. मॅलकाइटची अंगठी करू नका असंही आम्ही सांगतो. घाम, लिंबू, व्हिनेगर लागलं की चकाकी जाते. लोलक बरा.

आता कायद्याचं. जमीन आपली असली तरी तिच्या पोटातल्या खनिजांवरचा हक्क सरकारचा, असं आपल्या राज्याच्या १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमात कलम ४८ मध्ये आहे. खाणींसाठी १९५७ चा केंद्राचा कायदा आहे आणि दगड, मुरूम वगैरे गौण खनिजांसाठी राज्याचे २०१३ चे नियम. म्हणून विहिरीतून चार स्फटिक निघाले तर घाबरून जायचं कारण नाही, पण विकायचं ठरवलं की आधी तलाठ्याला आणि तहसील कार्यालयाच्या गौण खनिज विभागात लेखी विचारा, उत्तर फायलीत ठेवा. दुसऱ्याच्या भाडेपट्ट्याच्या खाणीत किंवा खाणीबाहेरच्या ढिगाऱ्यात शिरून दगड उचलणं ही चोरी आहे, मग तो टाकून दिलेला का दिसेना. तिथे दरड कोसळण्याचं, सुरुंगाचं भय वेगळंच. स्फटिकाच्या लोभानं खाणीत पोरं पाठवणारे दलाल असतात. त्यांच्या नादी लागू नका.

खरेदीचं बिल हवंच. त्यावर दगडाचं नाव, वजन, दर आणि ‘रंग दिलेला नाही’ एवढे शब्द लिहून घ्या. लिहायला जो तयार नाही त्याचा माल घेऊ नका. गटाची उद्यम नोंदणी मोफत होते, तिला पैसे मागणारा दलाल असतो. राज्याबाहेर माल पाठवायचा तर जीएसटी नोंदणी लागते, ते हिशेब बघणाऱ्याकडून करून घ्या.

आमच्या गटानं पोत्याच्या प्रकरणानंतर ठराव वहीत एक ओळ लिहिली : पाच हजारांवरची खरेदी एकटीनं करायची नाही, तिघींनी जायचं, आणि त्यातल्या एकीनं काटा, डबा आणि दोरा पिशवीत न्यायचा. जयपूरच्या फेरीलाही तो डबा बरोबर जातो. आगगाडीत लोक विचारतात, डब्यात काय? आम्ही सांगतो, पाणी. ती हिरवी खडी अजून जिन्याखाली आहे. नव्या मैत्रिणी गटात आल्या की पहिल्या दिवशी त्यांना त्यातला एक तुकडा आणि एक खरा तुकडा देतो, आणि कोणता कुठला ते काट्यावर शोधायला सांगतो.

तर नाशिकच्या मैत्रिणींनो, सगळी गोणी आणू नका. न धुतलेले दोन-तीन तुकडे, वेगवेगळे गुंडाळून, आत चिठ्ठी ठेवून, तुमच्यातल्या दोघी घेऊन या. पाण्यातलं वजन तुमच्यासमोर करू, काय आहे ते सांगू, आणि आम्हाला ओळखता आलं नाही तर रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळेत घेऊन जाऊ. येताना मुलांना आणा. स्टेशनपासून जवळच राणीबाग आहे, आणि तिच्या आवारातच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, मुंबईतलं सगळ्यात जुनं, १८७२ साली लोकांसाठी उघडलेलं. इथल्या मुलखात काय पिकतं, काय निघतं आणि लोक हातानं काय घडवतात, हे दाखवायलाच ते सुरू झालं. फक्त बुधवारी येऊ नका. बुधवारी दोन्ही बंद असतात आणि मुलं हिरमुसतात.